‘गौण’ कुणाला म्हणता?

तीन वर्षांपूर्वी मी डोंगर विकला. अख्खा नाही, त्याचा एक तुकडा. एक एकर बारा गुंठे. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर आईचं आणि माझं नाव लागलं होतं, त्यामुळे काकांना आमच्या दोघींच्या सह्या हव्या होत्या. मी एक दिवस रजा टाकली, फोटो काढू दिला, अंगठा टेकवला, सही केली. अर्ध्या तासात सगळं आटोपलं. परतताना चेलाडी फाट्याला आम्ही सगळ्यांनी मिळून मिसळ खाल्ली. आलेल्या पैशांतून माझ्या पुण्यातल्या फ्लॅटचं डाऊन पेमेंट झालं.

हे आधीच सांगून टाकते. पुढे मी जे भांडणार आहे ते वाचताना कुणीतरी विचारेलच, की बाई, तुमचं स्वतःचं घर कशावर उभं आहे? त्याच डोंगरावर उभं आहे. पैसा त्याचा, आणि काँक्रीटमधली खडीही त्याच्यासारख्याच कुठल्यातरी डोंगराची.

विकलेल्या जमिनीच्या उताऱ्यावर बऱ्याचशा क्षेत्रापुढे ‘पोटखराब’ असा शब्द होता. म्हणजे लागवडीच्या कामाचं नाही. नंतर तिथे यंत्रं लागली तेव्हा दुसरा शब्द कळला, ‘गौण खनिज’. सरकारदरबारी आमच्या डोंगराची ही दोनच नावं. जमीन म्हणून खराब आणि दगड म्हणून गौण. माझं भांडण मुख्यतः या दुसऱ्या शब्दाशी आहे.

पासली वेल्हे तालुक्यात आहे. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण आजीच्या तोंडात अजून वेल्हंच आहे, आणि माझ्याही. मार्गासनीवरून वेल्ह्यात यायचं आणि तिथून केळदचा रस्ता धरायचा. तोरणा डाव्या हाताला राहतो. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी या रस्त्यावर मढे घाटाचा धबधबा बघायला निघालेल्या गाड्यांची रांग असते. तुमच्यातल्या अनेकांनी पासलीतून गाडी नेली असेल. गाव बघितलं असेलच असं नाही. एका खिडकीतून काढलेल्या रीलमध्ये आमच्या आजीचं घर दीड सेकंद दिसतं, एवढं मला माहीत आहे. खाली कमेंट होती, ‘स्वर्ग’.

या स्वर्गात पाऊस इतका पडतो की चार महिने कपडे वाळत नाहीत, आणि एप्रिलमध्ये बायका हंडे घेऊन उभ्या असतात. हे कोडं मला लहानपणी कुणी उलगडून सांगितलं नाही. शाळेत ‘दख्खनचे पठार अग्निजन्य खडकाचे बनले आहे’ हे वाक्य पाठ केलं, दोन मार्क मिळवले, संपलं. मग इंजिनिअरिंग. त्यातही कॉम्प्युटर. माझ्या घरामागच्या दगडाबद्दल मी पहिल्यांदा नीट वाचलं ते झरा आटल्यावर.

आमच्या विकलेल्या तुकड्याच्या खाली, दोन खाचरं सोडून, एक झरा आहे. दगडाने बांधून काढलेलं छोटं कुंड, त्यात बोटाएवढी धार. आजी लग्न होऊन आली तेव्हापासून ती धार अक्षय तृतीयेपर्यंत तरी टिकायचीच. पुढे बारीक होत होत पहिल्या पावसाला भेटायची. सौदा झाल्याच्या दुसऱ्या वर्षी वरच्या उतारावर प्लॉट पाडायचं काम सुरू झालं. आधी आडवा रस्ता कापला, मग त्याला लागून पायऱ्या. एका पायरीचा कट तर दोन पुरुष उंच होता. पुढच्या उन्हाळ्यात धार होळीलाच थांबली.

“आता काय बघतीस त्यात,” आजी म्हणाली. “गेलं ते पानी.”

मी तरी बघत बसले होते. कापलेल्या भिंतीत खालून वर तीन वेगळे रंग दिसत होते. खाली काळा कातळ, मध्ये वीतभर गेरूसारखा लाल पट्टा आणि त्यावर भुसभुशीत, भोकंभोकं पडलेला तपकिरी मुरूम. लाल पट्टा ओला होता. मार्च महिना, पाऊस संपून पाच महिने झालेले, आणि उघड्या भिंतीतून पाणी झिरपून रस्त्याच्या गटारात चाललं होतं.

घाटात कुठेही मान वर करून बघा. डोंगर सरळ चढत नाही, पायऱ्यांनी चढतो. कडा, मग सपाटी, मग पुन्हा कडा. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांमधून लाव्हा बाहेर येत राहिला. एकदाच नव्हे, थरावर थर. ‘डेक्कन ट्रॅप’ या नावातला ‘ट्रॅप’ हा पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. सापळ्याशी त्याचा काही संबंध नाही. (डायनासोर मेले त्यात उल्केचा वाटा किती आणि आमच्या दगडाचा किती, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. मला उगाचच अभिमान वाटतो.) आज हा दगड सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर शिल्लक आहे. महाराष्ट्राचा जवळजवळ ८० टक्के भाग त्याच्यावर बसलेला आहे.

प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट असतो, त्याचा कडा होतो. वरचा भाग फेसासारखा, वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ झालेला. तो लवकर कुजतो, त्याचा मुरूम होतो आणि सपाटी तयार होते. दोन थरांच्या मध्ये बराच काळ गेला असेल तर पहिल्या थरावर माती तयार झालेली असते, तिच्यावर पुढचा लाव्हा येऊन ती भाजली जाते. तो लाल पट्टा. या घट्ट दगडाला स्वतःची तहान नाही, त्याच्या पोटात पाणी मावत नाही. पाणी राहतं ते फक्त भेगांमध्ये आणि कुजलेल्या मुरमात. पाऊस मुरमातून खाली उतरतो, लाल चिकण थराला किंवा अखंड कातळाला टेकतो, खाली जाता येत नाही म्हणून आडवा सरकतो आणि उतारावर जिथे वाट मिळेल तिथे बाहेर पडतो. तो झरा.

म्हणजे आमच्या डोंगराची टाकी मुरमात आहे आणि तिचा तळ म्हणजे तो लाल पट्टा. आणि कायद्याच्या भाषेत मुरूम हे गौण खनिज आहे.

या पायऱ्यांनी इथल्या माणसांच्या आयुष्याचं किती काही ठरवून टाकलं, याची यादी करायला बसलं तर संपणार नाही. सपाटी मिळेल तिथे खाचर आणि भात, उतार लागला की नाचणी-वरई. डोंगराच्या कमरेवर रान माजलेली जी अरुंद सपाटी असते, तिला आपण ‘पदर’ म्हणतो, आणि किल्ल्याच्या माथ्याखालच्या सपाटीला ‘माची’. राजगडाच्या तिन्ही माच्या आणि मधला बालेकिल्ला बघताना आपल्याला वास्तुरचना दिसते. अर्धी रचना लाव्ह्याने आधीच करून ठेवलेली होती. कोकणातून देशावर यायच्या वाटा जिथे कडा झिजून खिंड पडली तिथेच. नाणेघाटात सातवाहनांनी लेणं कोरलं आणि शिलालेख खोदला तो अशाच एका वाटेवर. तानाजी मालुसऱ्यांचा देह सिंहगडावरून मढे घाटाने खाली उमरठला नेला, अशी आमच्याकडे आठवण सांगतात. पार पूर्वेला हाच दगड झिजून काळी माती झाली, तिच्यात कापूस आला आणि त्या कापसावर मुंबईच्या गिरण्या चालल्या. कार्ले, अजिंठा, वेरूळ सगळी याच दगडातली. घट्ट, तरी छिन्नीला बधणारा.

पण मला सगळ्यात जास्त थांबवतात ती किल्ल्यावरची टाकी. तटबंदीला दगड हवा, तो गडावरच फोडायचा, आणि दगड काढून जो खड्डा राहील त्याचंच पाण्याचं टाकं करायचं. राजगड चढून दमल्यावर आपण ज्या टाक्यापाशी बसून फोटो काढतो, ती दगडाची खाण असू शकते हे मला पंचविसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. तेव्हाची माणसं डोंगराला हात लावत नव्हती असं मुळीच नाही. चांगला फोडत होती. फक्त फोडताना पाणी कुठे जाणार हा प्रश्न त्यांच्या कामाचा भाग होता.

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेलं ‘आज्ञापत्र’ अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. त्यात गड बांधण्याआधी पाणी पाहायला सांगितलं आहे. पाणी नसेल तर आधी खडक फोडून टाकी करायची. आणि झरा आहे म्हणून निश्चिंत बसू नये, कारण लढाईत तोफांच्या दणक्याने झरे बारीक होतात, असंही त्यात बजावलेलं आहे. हे मी दोनदा वाचलं. तीनशे वर्षांपूर्वीच्या कारभाऱ्याला ठाऊक होतं की दगड हादरला की पाणी वाट बदलतं. आज एखाद्या उतारावर ब्रेकर आणि सुरुंग लावायचा असेल, तर खालच्या झऱ्याची चौकशी करणारा रकाना कुठल्या अर्जात आहे, हे मी शोधतेय. सापडला तर सांगा.

आता कायद्याकडे येऊ. १९५७ चा खाणी आणि खनिजे कायदा. त्यात इमारतीचा दगड, गोटे-खडी, साधी चिकणमाती, साधी वाळू यांना गौण खनिज म्हटलं आहे, आणि केंद्र सरकार अधिसूचना काढून त्यात आणखी भर घालू शकतं. २००० साली भरावासाठी लागणारी ‘साधी माती’ही त्यात आली. मुख्य खनिज म्हणजे लोखंड, बॉक्साइट वगैरे, ज्यांना बाजारात मोठी किंमत. गौण खनिजांचे नियम करायचं काम राज्यांकडे. आपल्याकडे २०१३ चे नियम आहेत. शब्द वाईट हेतूने घातला नसेल. कारकुनी वर्गवारी आहे. पण वर्गवारीला सवय लागते. एकदा गौण म्हटलं की मग त्याचा हिशोब फक्त ब्रासमध्ये होतो. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. २०२१ मध्ये राज्याने दर ब्रासला ४०० वरून ६०० रुपये केला. आमच्या ऑफिसच्या कॅफेत दोघींनी कॉफी आणि सँडविच घेतलं की साधारण एक ब्रास होतो.

तलाठी, तहसीलदार, दंड, पाचपट वसुली, वाहतूक पास, सगळी यंत्रणा एकाच प्रश्नाभोवती फिरते. किती ब्रास काढला आणि पैसे भरले का? बेकायदा म्हणजे ज्याचं स्वामित्वधन बुडालं ते. पैसे भरलेला कट आणि न भरलेला कट यांच्यात सरकारला फरक दिसतो. लाल पट्ट्यातल्या पाण्याला दिसत नाही.

त्यातही गंमत बघा. पुण्यातल्या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेने लढलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं, की पायासाठी खोदलेली माती त्याच जागेवर भरायला वापरली, तर केवळ खोदली म्हणून ती गौण खनिज ठरत नाही. तिचा वापर कशासाठी झाला हे पाहावं लागेल. महसुलाचा वाद म्हणून निकाल पटण्यासारखा आहे. पण डोंगरउतारावरचा प्लॉट कसा तयार होतो? वरची बाजू कापायची आणि तीच माती खालच्या बाजूला भरायची. म्हणजे डोंगराला ज्याने सर्वाधिक धोका, त्या कापणी-भरावाच्या बाबतीत पहिला वाद हाच, की हे गौण तरी आहे का? डोंगर गौण खनिज असण्याइतकाही महत्त्वाचा उरत नाही.

न्यायालयांनी उलट्या बाजूनेही दिलेलं आहे, ते सांगायला हवं. २०१२ मध्ये हरियाणातल्या दीपक कुमार खटल्यात, पाच हेक्टरांहून लहान गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. २०२० च्या मार्चमध्ये, लॉकडाऊनच्या पहिल्याच आठवड्यात, केंद्राने रस्ते-लोहमार्गासारख्या प्रकल्पांसाठी साधी माती काढायला या मंजुरीतून सूट दिली. ती सूट न्यायालयाने २०२४ च्या मार्चमध्ये रद्द केली. चार वर्षं मध्ये गेली. चार वर्षांत किती डोंगरांची ‘साधी माती’ झाली असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

आणि उताराचा नियम? पुण्याच्या डोंगरमाथा-डोंगरउताराच्या वादात १:५ हे गुणोत्तर वर्षानुवर्षं ऐकतोय. त्याहून तीव्र उतारावर बांधकाम नको. छान आहे. फक्त उतार मोजायचा कधी, जेसीबी येण्याआधी की जेसीबी गेल्यावर? आमच्या तुकड्यावर आता उतार नाहीच. सपाट पायऱ्या आहेत, प्रत्येकीवर चुन्याने नंबर टाकलेला.

मी हे सगळं ऑफिसमधल्या एका मित्राला सांगितलं. तो हुशार आहे, आणि हुशार माणसांसारखाच पटकन म्हणाला, “कोरिलेशन आहे, कॉजेशन नाही. त्या वर्षी पाऊस कमी झाला असेल. कुणी बोअर मारली असेल.”

असेल. खरंच असेल. मी शास्त्रज्ञ नाही, आणि माझ्या झऱ्याचं पाणी त्याच कटमुळे गेलं हे मी कोर्टात सिद्ध करू शकत नाही. पण का करू शकत नाही, ते बघा. झऱ्याचं पाणी आधी कुणी मोजलं नव्हतं. थर कुठून कसा जातो हे कुणी पाहिलं नव्हतं. कट किती खोल घेतला याची नोंद नाही, आहे ती ब्रासची. आपल्या धंद्यात सर्व्हर पडला आणि लॉग्ज बंद होते असं कळलं, तर आपण ‘बग सिद्ध झाला नाही’ म्हणून तिकीट बंद करत नाही. लॉग्ज कुणी बंद केले ते आधी विचारतो. इथे लॉग कधी चालूच केलेला नाही. ज्याला गौण म्हणायचं त्याचा लॉग कोण ठेवणार? आणि मग पुरावा मागायचा तो आजीकडे.

दगडाच्या बाबतीत ‘माणसाने असं काय मोठं होणार’ हा विचार आपल्याकडे फार खोलवर आहे. सह्याद्री म्हणजे अढळ, अभेद्य, अचल. स्टेटसला लावायला उत्तम शब्द. १९६७ च्या ११ डिसेंबरच्या पहाटे कोयनेला ६ रिश्टरच्या वरचा भूकंप झाला, दोनशेच्या घरात माणसं गेली. तोवर हा प्रदेश स्थिर मानला जात होता. धरणात १९६२ पासून पाणी साठायला लागलं आणि लहान धक्के सुरू झाले. धरणाच्या पाण्यामुळे चाळवलेले भूकंप म्हटलं की आज जगभर कोयनेचं नाव घेतात. त्या खडकात खोल भोक पाडून अभ्यास करायला केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाने कराडला प्रयोगशाळा काढली आहे. एका नदीचं पाणी अडवलं, आणि कित्येक किलोमीटर खालच्या जुन्या भेगा हलल्या. धरण नको होतं असं मी म्हणत नाही. त्या धरणाच्या विजेवर महाराष्ट्र चालला. एवढंच म्हणते, की आपला हात तिथवर पोचतो.

आता दरडी. इथे मला जपून बोलायचं आहे, कारण मेलेल्या माणसांना आपल्या मुद्द्यासाठी वापरणं सोपं असतं. ३० जुलै २०१४ ला आपल्याच जिल्ह्यातलं माळीण गेलं, दीडशेहून जास्त माणसं. अतिवृष्टीबरोबरच उतारावर यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाकडेही तेव्हा बोट दाखवलं गेलं. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळीये, म्हणजे आमच्या घाटाच्या खालचाच मुलूख. १९ जुलै २०२३ ला इर्शाळवाडी, जी दरडप्रवण गावांच्या यादीतही नव्हती. तिथे कुणी जेसीबी चालवून प्लॉट पाडले नव्हते. काही उतार आपण हात न लावताही सुटतात. कुजलेला मुरूम पाण्याने जड होतो, खालच्या चिकण थरावरून घसरतो. यावरून काही लोक म्हणतात, बघा, माणसाचा काय दोष? मला उलटं वाटतं. जो उतार हात न लावता सुटू शकतो, त्याचा पायथा कापायला तर दहा वेळा विचार केला पाहिजे.

गेल्या जुलैत आमच्या प्लॉटवरचा एक कट बसला. खाली शेजाऱ्यांचा गोठा होता. रात्रीची वेळ, पण गुरं त्या दिवशी दुसरीकडे बांधलेली. बातमी झाली नाही. व्हायचं कारणच नव्हतं. एक भिंत, चार पत्रे, बहुतेक पंचवीस ब्रास.

इथे चुलतभावाचं म्हणणं घालायलाच हवं, नाहीतर हा लेख मी एकटीनेच जिंकेन. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्याने कर्ज काढून जेसीबी घेतला आहे. आमच्या तुकड्यावरचं काम त्यानेच केलं.

“ताई, तू लॅपटॉप चालवतेस, मी जेसीबी चालवतो,” तो म्हणाला. “हप्ता दोघांचा पाच तारखेलाच कटतो. तू पुण्याला गेलीस ते भातावर गेलीस का? काकांनी रंगाऱ्याचं काम केलं तेव्हा शिकलीस. मी इथं राहिलो. इथं राहणाऱ्याला दोनच धंदे, एक ट्रेकर लोकांना पिठलं-भाकरी घालणं नाहीतर हे. झऱ्याचं मला पण वाईट वाटतं. पण नळ येणार आहे ना.”

याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. त्याचा हप्ता मी भरणार नाहीये. २०११ मध्ये माधव गाडगीळ यांच्या समितीने पश्चिम घाटाचा अहवाल दिला, २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीने तो आक्रसून दिला, त्यानंतर केंद्र मसुद्यामागून मसुदे काढत आहे. सहावा निघाला ३१ जुलै २०२४ ला, वायनाडमध्ये गावं वाहून गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी. एवढ्या वर्षांत आमच्या भागात अहवालाबद्दल काय पोचलं? ‘घराची कौलं बदलायची तरी दिल्लीला विचारावं लागेल.’ ही भीती कुणी पसरवली ते जाऊ द्या. पण तिला उत्तर द्यायला, लोकांबरोबर बसून ‘हा थर, हे पाणी, इथे कापलं तर तिथे आटेल’ एवढं मराठीत समजावायला किती माणसं आली? गाडगीळांच्या अहवालातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे ग्रामसभेला विचारून ठरवा, हे सांगणं. नेमकी तीच सगळ्यांना अडचणीची वाटली. शहरातल्या निसर्गप्रेमींना डोंगर रिकामा हवा असतो आणि प्लॉटवाल्यांना सपाट. आमच्या गावाला काय हवं, हे दोघांपैकी कुणी विचारत नाही. विचारलं असतं तर चुलतभावानेच सांगितलं असतं, की बाजूला आठ-दहा गुंठे कमी कापूया, लाल पट्ट्याच्या वर थांबूया. त्याला यंत्र चालवता येतं. कुठे थांबायचं ते कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून मला ‘मानवयुग’ या शब्दाचाही जरा राग येतो. पृथ्वीच्या इतिहासात माणसाच्या नावाचं नवं युग सुरू झालं असं अधिकृतपणे मान्य करावं, असा प्रस्ताव भूवैज्ञानिकांपुढे होता. पुरावा म्हणून कॅनडातल्या क्रॉफर्ड तलावाच्या गाळातली रेघ निवडली होती. मार्च २०२४ मध्ये संबंधित उपसमितीने मतदानाने प्रस्ताव फेटाळला. फेटाळू दे. शास्त्राची आपली कारणं असतात. २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की माणसाने बनवलेल्या वस्तूंचं वजन पृथ्वीवरच्या सगळ्या सजीवांच्या वजनाला गाठून पुढे निघालं आहे. त्या वस्तूंमधला सर्वात मोठा वाटा काँक्रीट आणि खडी-वाळूचा. म्हणजे पुन्हा तेच, गौण. पण ‘मानव’ म्हटलं की त्यात आजीही आली आणि मीही आले, नाचणीसाठी उतार भाजणारा आणि पोकलेन भाड्याने लावणारा एकाच ओळीत उभे राहिले. पासलीतली रेघ बघायला तळ्यात उतरावं लागत नाही. ती रस्त्यावरूनच दिसते, तिची तारीख माहीत आहे, आणि खरेदीखतावर सह्या आहेत. त्यातली एक माझी.

माझ्या मागण्या फार लहान आहेत, म्हणूनच त्या पूर्ण न होण्याचा संताप येतो. उतार कापायच्या परवानगीआधी खालच्या झऱ्यांची आणि विहिरींची यादी करा आणि एक उन्हाळाभर त्यांचं पाणी मोजा. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा १९७२ पासून आहे, तिचा एक माणूस येऊन कातळ, लाल माती आणि मुरूम कुठे ते नकाशावर दाखवू दे. उतार मोजायचा तो कापण्याआधीचा. ब्रासच्या पावतीवर कटाची उंचीही लिहा. आणि सही करायला आलेल्या माणसाला एवढं तरी सांगा, की तुमच्या पोटखराबाखालून कुणाचं पाणी जातं. मला कुणी सांगितलं असतं तर मी सही केली नसती, असं म्हणायचा मोह होतोय. केली असती बहुतेक. पण निदान भाव करताना झऱ्याचं नाव काढलं असतं.

काकांनी आता दुसऱ्या गटाचं काढलंय. झऱ्याच्या अगदी वरचा तुकडा. भाव तीन वर्षांपूर्वीपेक्षा दुप्पट आहे. कागद आईकडे आलेत. आई म्हणते, तुझं तू ठरव. ती मात्र सही करून बसली आहे. आजीच्या औषधांचा खर्च काका करतात, हेही खरं.

मी सध्या दर पंधरवड्याला पासलीला जाते. पंधरा लिटरची बादली, फोनचा स्टॉपवॉच आणि एक वही. चुलतभाऊ सुरुवातीला हसला. गेल्या वेळी बादली त्यानेच धरली आणि म्हणाला, “ताई, तू नसलीस तर मी मोजून व्हॉट्सॲप करतो. नाहीतर तुझा आकडा चुकायचा.” वहीत आतापर्यंत सहा ओळी झाल्या आहेत. पहिली १० डिसेंबरची, बादली भरायला २ मिनिटं ४० सेकंद. शेवटची त्याने पाठवलेली, २२ फेब्रुवारी, ९ मिनिटं ५ सेकंद. खाली त्याने लिहिलंय, अजून चालू आहे.